चावडीवर कलम अकरा

सोमवार, जुना जालना

मी जालन्याला गेले ती पासवर्ड बघायला. परत आल्यावर इमारतीतल्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंस?" त्यांना हे उत्तर दिलं तर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि विषय बदलला. म्हणून हे नीट लिहून काढते आहे. जालन्याला मुद्दाम कोणी जात नाही, आणि माझ्यासारख्या कामाला तर बिलकुल नाही.

माहिती तंत्रज्ञानाचा नवा कायदा येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सरकारी कचेऱ्यांत संगणक येत होते, पण त्यातली माहिती कोणी बघावी, कोणी बदलावी, कुलूप कोणी लावावं याला देशभर एक नियम नव्हता. तो तयार करायला दिल्लीत समिती बसली होती. मी पुण्याच्या एका सरकारी खात्यात संगणकाचं काम करायची. समितीत मला शेवटून दुसरी खुर्ची मिळाली होती आणि मसुद्यातलं एकच कलम माझ्या हातचं होतं. कलम अकरा. शासकीय संगणकातील व्यक्तिगत माहिती ती ज्याची आहे त्याच्याखेरीज अन्य कोणास दाखवू, सांगू अथवा वाचून दाखवू नये.

या कलमाचा मला अभिमान होता, तो लपवत नाही. माझ्या धाकट्या बहिणीने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तिचा नवा पत्ता सासरच्यांनी एका कचेरीतल्या यादीतून मिळवला होता. कारकुनाने विचारलं तसं वाचून दाखवलं, बस. आठवडाभरात तिला पुन्हा घर बदलावं लागलं. "वाचून दाखवू नये" हे तीन शब्द मी तिच्यासाठी घातले होते.

मसुदा काही मोजक्या तालुक्यांत आधी वापरून बघायचा ठरलं. मराठवाड्यातलं एक तहसील माझ्या वाट्याला आलं. जालना जिल्ह्यातलं, जाफराबादच्या वाटेकडचं, एवढंच सांगते. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांची हसून नाचक्की करावी असं मला वाटत नाही. थोडं हसणार आहे, ते वेगळं.

पहिला मुक्काम जुन्या जालन्यात, आमच्या कचेरीतल्या एका बाईंच्या मामांकडे. झुंबरलालजी धान्याचे घाऊक व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आले, त्यानंतर कोणी परत गेलं नाही. गल्ली इतकी अरुंद की रिक्षावाल्याने मला तोंडाशीच उतरवलं आणि माझी बॅग डोक्यावर घेऊन निघालेल्या हमालाच्या मागे मी पळाले. घर दुकानाच्या वर. जेवायला बाट्या, वरण, गट्ट्याची भाजी आणि शेजारी, कोणाला काय वाटेल याची पर्वा न करता, शेंगदाण्याचा झणझणीत ठेचा. पुण्यात पाहुण्याला "अजून घ्या" दोनदा म्हणतात. इथे म्हणत नाहीतच, सरळ वाढतात. चौथी बाटी मी कशी संपवली ते मला आठवत नाही, आणि वर सोललेली मोसंबी आलीच.

जेवणानंतर मी माझं काम समजावून सांगितलं. झुंबरलालजींनी खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकला.

"हात द्या मॅडम. आत."

मी दिला. रुमालाखाली त्यांनी माझी दोन बोटं दाबली, मग तळव्यावर एक रेघ ओढली.

"हा भाव झाला. तुमाला कळला, मला कळला. दुकानात पन्नास लोक हुभे असू द्या, कोणाला पत्ता न्हाई. आमच्या वडिलांच्या वेळेला सगळा माल असाच जायचा."

"मग बंद का झालं?"

"बंद करावंच लागलं ना. रुमालाखाली दोगं, अडत्या आन् घेणारा. ज्याचा माल हाय त्यो शेतकरी बाजूला हुभा. त्याला बी कळायचं न्हाई, आपला माल कसा गेला." ते हसले. "लपवलं कुणापासून? मालकापासून. मंग कायद्यानं बंद केलं. बराबरच केलं."

मला वाटलं, म्हातारे गप्पिष्ट आहेत. मी पाचव्या बाटीला नकार देऊन झोपायला गेले.

मंगळवार, तालुक्याचं गाव

सकाळी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले. बसले म्हणजे आधी बसले, मग पाच मिनिटांत माझ्या बाजूला तीन माणसं, पायाशी सरकीची पेंड आणि मांडीवर एका बाईचं बाळ. "जरा धरा ताई," म्हणून तिने दिलं आणि उतरेपर्यंत परत मागितलं नाही. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी मागे पडली, मोसंबीच्या बागा लागल्या, आणि मग दोन्ही बाजूंना कापूस. वेचणीचे दिवस होते. काळी जमीन, पांढरी बोंडं आणि वाकलेल्या बायकांच्या पाठी, हे असं तासभर चाललं.

त्या तासाभरात जीपने मला पूर्ण तपासून घेतलं. कुठल्या, कुठे निघाल्या, मालक काय करतात, लेकरं किती, पगार किती. पगार मी सांगितला नाही तर ड्रायव्हरने अंदाजाने सांगितला आणि तो बरोबर निघाला. आमच्या पुण्यात शेजाऱ्याच्या दारावरची पाटी वाचली तरी माणसं दार लावून घेतात. मी तहसील कचेरीच्या पायऱ्या चढले तेव्हा नायब तहसीलदार स्वतः समोर आले आणि म्हणाले, "या मॅडम, गुडघा कसाय तुमचा? खुर्ची उंच ठेवायला लावलीय." गुडघ्याचं मी फक्त बाळाच्या आईला सांगितलं होतं.

नायब तहसीलदार हे नीटनेटके, इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ. त्यांनी संगणकाची खोली दाखवली. पंखा, पडदा, चपला बाहेर, दाराला हार. ऑपरेटर देविदास हा चाळिशीचा, पूर्वी कोर्टाबाहेर टंकलेखन करायचा. गेली दोन वर्षं तो तालुक्यातले सगळे सातबारे एकेक करून संगणकात घालत होता. काम संपलं होतं. येत्या शुक्रवारी हाताने लिहिलेली जुनी गाव-दप्तरं सील होणार होती, आणि मग संगणकातून निघेल तोच सातबारा खरा. त्याआधी कचेरी योग्य आहे असा दाखला हवा होता. त्यावर सही माझी.

"पासवर्ड दर महिन्याला बदलता?" मी यादीतला पहिला प्रश्न विचारला.

"बिलकुल," नायब म्हणाले आणि त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. वर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, पासवर्ड बदल पंचनामे.

मी उघडली. आज रोजी आम्ही खालील पंच, वय, धंदा, राहणार, समक्ष हजर राहून पाहिले की, श्री. देविदास यांनी जुना पासवर्ड रद्द करून नवा पासवर्ड पुढीलप्रमाणे टाकला. पुढीलप्रमाणे म्हणून तो लिहिला होता, ठळक, लाल शाईत. खाली पाच पंचांच्या सह्या. एक चहावाला, एक स्टँपविक्रेता, एक माजी सरपंच, दोन अंगठे.

मी हसले नाही, ही माझ्या नोकरीतली मोठी कामगिरी समजावी. "साहेब, पासवर्ड गुप्त असतो."

"हाय ना गुप्त. फाईल कुलपात राहती."

"पाच पंचांना माहीत आहे!"

"ते जबाबदार लोक आहेत मॅडम," ते दुखावून म्हणाले. "पंचाबिगर बदलला, आन् उद्या कोणी म्हणलं की बदललाच न्हाई, तर मी काय दाखवू?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते समजावून सांगण्यात दुपार गेली. शेवटी त्यांनी मान्य केलं, आणि पंचनामे बंद केल्याचा पंचनामा करावा का, असं विचारलं.

कलम अकरा मात्र त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. दप्तरं सील करण्याआधी संगणकातले सातबारे गावोगाव चावडीवर मोठ्याने वाचायचे, हरकती घ्यायच्या, असं ठरलेलं होतं. चावडीवाचन ही इकडची जुनी रीत. आमचा मसुदा हातात पडल्यावर त्यांनी ते सगळं वाचन रद्द केलं. ज्याचं नाव त्यालाच उतारा, तोही अर्ज केल्यावर. पूर्वी कोणीही कोणाचाही सातबारा मागू शकत होतं, ते बंद. मी समाधानाने बरोबरची खूण केली.

तेव्हा दारातून आवाज आला. "बाई, तुमी पुण्याच्या का?"

पायरीवर पन्नाशीची एक बाई बसली होती. सकाळी मी आले तेव्हाही तिथेच होती, मी तिला चपरासीण समजले होते. हातांच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. तिचं नाव कौसाबाई. तालुक्यापासून दीड कोसावरच्या गावची, तीन भावांची एकटी बहीण. नवऱ्याने टाकल्यावर पंचवीस वर्षांपूर्वी माहेरी परत आली ती तिथेच राहिली. वडील गेल्यावर शेतावर चौघांची नावं लागली, तीन भाऊ आणि ही. बहिणी एरवी हक्कसोडीच्या कागदावर अंगठा देऊन मोकळ्या होतात. हिने दिला नव्हता.

"दर साली चावडीवर तलाठी वाचितो, मी जाऊन ऐकती," ती म्हणाली. "मला वाचाया येत न्हाई. माझं नाव आलं का मी घरी जाती. यंदा वाचलंच न्हाई. दिवाळी झाली का भावांची वाटणी हाय. थोरला म्हणतो, मिशनीच्या कागदात असंल तर वाटणीत असंल. मंग बघा ना, हाय का माझं नाव."

देविदासने नायबांकडे पाहिलं. नायबांनी माझ्याकडे. मग माझ्यासमोर परीक्षा द्यावी तसे ते म्हणाले, "मावशी, आता नवा नियम आलाय. ज्याचं नाव त्यात आहे त्यालाच दाखवता येतं. तुमचं नाव आहे का त्यात?"

"त्येच तर बघाया आलेय."

"असेल तर दाखवू."

"आन् नसंल तर?"

"नसेल तर तुमचा संबंध येत नाही. मग नाही दाखवता येत."

कौसाबाईने थोडा विचार केला. रागावली नाही. "म्हंजी असलं तर दावणार, नसलं तर दावणार न्हाई. मंग नसल्यालं मला कळावं कसं?"

कलम अकरावर दिल्लीत तीन बैठका झाल्या होत्या. शिकलेली, वयाने आणि हुद्द्याने मोठी माणसं होती. हा प्रश्न एकालाही पडला नव्हता, मलाही नाही. मला घाम फुटला आणि तो ऑक्टोबरचा नव्हता.

मी सावरून म्हणाले, "कौसाबाई, मी आत जाऊन बघते आणि तुम्हाला एकटीला सांगते." म्हणजे माझंच कलम मी जरा वाकवायला तयार झाले होते.

"तुमी माझ्या कानात सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "मला म्हाईतच हाय माझं हाय म्हणून. ते गावानं ऐकाया पायजे. भावकीनं ऐकाया पायजे."

मी नायबांना सांगितलं की उद्या त्या गावात चावडीवाचन घ्या, मसुद्याची चाचणी म्हणून, माझ्या जबाबदारीवर. त्यांनी ते लेखी मागितलं. मी लिहून दिलं.

बुधवार, चावडी

देविदासच्या स्कूटरवर मागे बसून गेले. वाटेत ओढ्यात स्कूटर बंद पडली आणि पुण्याहून आणलेले माझे नवे बूट चिखलात गेले. गावात अनवाणीच शिरले. त्याचा फायदा असा की कोणी मला साहेबीण समजलं नाही.

जेवण थोरल्या भावाकडे, भाऊरावांकडे. पाहुण्याला गावात दुसरीकडे जेवू देणं त्यांना मान्य नव्हतं. भाऊराव उंच, शांत, पांढऱ्या टोपीतले. नामदेव आणि शिवाजी हे धाकटे दोघे त्यांच्या मागे उभे. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी मी पहिल्यांदा खाल्ली आणि घरी आल्यावर दोनदा करून बघितली, दोनदा बिघडली. कौसाबाई त्याच अंगणातल्या एका खोलीत राहते. भाकरी तीच थापत होती. भाऊ तिच्याशी नीट बोलत होते, ती त्यांच्याशी. मी भांडण शोधत होते, ते मला सापडलं नाही.

"मी कधी तिच्याकडं हक्कसोड मागितली का? विचारा तिला," भाऊराव म्हणाले. "पर आता मिशनीचा कागद आला. त्यात जे आसंल त्ये. आमी कोण?"

"तुम्ही तुमचा उतारा काढलाय का?"

"काढला की. हाय पेटीत." ते हात धुवायला उठले. "चष्मा फुटलाय, वाचला न्हाई."

चष्मा खरंच फुटलेला होता की नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही.

चारच्या सुमारास चावडीसमोर माणसं जमली. तलाठी साळवे ओट्यावर बसले, संगणकातून काढलेले लांबच लांब कागद मांडीवर. देविदास बाजूला. हाताने लिहिलेलं जुनं दप्तर लाल कापडात बांधून आणलेलं, तेही शेजारी. बायका भिंतीच्या कडेला, कौसाबाई त्यांच्यात पुढे.

वाचन सुरू झालं आणि मी माझ्या कलमाच्या दृष्टीने जे काही वाईट असू शकतं ते सगळं पाहिलं. कोणाची जमीन किती, पड किती, विहीर कोणाची, कोणाचा बांध वादात आहे, सगळं सगळ्यांसमोर. आणि लोक नुसतं ऐकत नव्हते. "विहीर बुजली ना तिची, लिवून घ्या." "आंबे दोन न्हाईत, एक वाळला परवा." "आरं, ती जिरायत हाय, बागायत कवा झाली? पाणी दाव!" ज्याची जमीन त्याच्या आधी शेजारी बोलत होता. साळवे दर वेळी थांबून समासात पेन्सिलीने खूण करत होते. आमच्याकडे हिशेब तपासायला बाहेरून माणूस बोलावतात. इथे पन्नास माणसं चण्याफुटाण्यावर ते काम करत होती, आणि माझ्या खात्याने नेमलेल्या कोणाहीपेक्षा चोख करत होती.

मग भाऊरावांचा गट आला. साळव्यांनी घसा खाकरला. "भोगवटादार, भाऊराव काशिनाथ पवार, नामदेव काशिनाथ पवार, शिवाजी काशिनाथ पवार वगैरे." आणि ते पुढच्या ओळीवर गेले.

"थांबा," कौसाबाई म्हणाली. "वगैरे म्हंजी कोण?"

साळवे कागदाकडे बघत राहिले. मग भिंतीला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, "व्हय, वगैरे कोण त्ये सांगा की."

देविदास उभा राहिला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "त्याचं असंय, नावाचं खोकं आखूड आहे मशिनीत. तीन नावं पुरी बसतात. चौथं बसत न्हाई. जुन्या दप्तरात बी वर 'भाऊराव वगैरे' लिहायची पद्धत आहेच, मंग मी तसं टाकलं. जागा संपली का वगैरे टाकून राह्यलो मी."

"जुन्या दप्तरात वर वगैरे असलं तरी खाली सगळ्यांची नावं असतात," साळवे हळूच म्हणाले. त्यांनी लाल कापड सोडलं, पान काढलं. भाऊराव, नामदेव, शिवाजी, कौसाबाई. चौघं, एकाखाली एक.

मी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे ओढला. पान उलटावं तिथे वगैरे होता. आणि जुन्या दप्तराशी लावून बघितलं तर वगैरेत बहुतेक करून बायकाच. बहिणी, आया, चुलत्यांच्या विधवा. कोणी ठरवून केलं नव्हतं. नावं लिहिताना पुरुष आधी आणि बायका शेवटी लिहायची रीत, आणि खोकं शेवटी संपायचं. खोकं आखूड कोणी केलं, तर ते पुण्यात, आमच्यातल्याच कोणीतरी, वातानुकूलित खोलीत बसून. मला त्या ओट्यावर लाज वाटली. बूट नव्हते तेच बरं झालं असंही वाटलं, का ते माहीत नाही.

म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊराव, कौसा तुजी बहीण हाय का न्हाई?"

"हाय की."

"मंग कागदात असंल तर असंल, आसं का म्हणतो? कागदाला इचारून बहीण झाली का ती?"

भाऊरावांनी टोपी काढली, परत घातली. मग साळव्यांना म्हणाले, "तिचं नाव लिवा. माझी हरकत न्हाई." कौसाबाई ऐकत होती. तिने डोळे पुसले नाहीत, काही नाही, फक्त पदर नीट केला.

"नुसतं लिवून न्हाई," ती म्हणाली. "मिशनीच्या कागदात आलं पायजे."

गुरुवार, पुन्हा तालुक्याला

सकाळी मी दाखल्यावर "अयोग्य" असं लिहिलं आणि सही केली. जुनी दप्तरं सील करू नयेत, खोकं लांब होईपर्यंत तीच खरी मानावीत, प्रत्येक गावात वाचन व्हावं. नायब तहसीलदारांचा चेहरा उतरला. जिल्ह्याला काय सांगू, म्हणाले. मी म्हटलं, दोष पुण्याचा आहे, तुमचा नाही, तसं लिहिलंय. मग त्यांना जरा बरं वाटलं आणि त्यांनी चहा मागवला.

कलम अकरा मी परतीच्या जीपमध्ये नव्याने लिहिलं. पत्ता आणि फोन झाकलेले, नाव आणि जमीन उघडी, आणि ती मोठ्याने वाचणं सक्तीचं. समितीने पुढे त्यातलं अर्धं घेतलं. कुठलं अर्धं, यावर मी इथे रडत बसणार नाही. बहिणीला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या पत्त्यापायी कौसाबाईचं नाव झाकलं जायला नको होतं.

पण निघण्याआधी एक काम राहिलं होतं. कौसाबाई पायरीवर होती, या वेळी तिन्ही भावांसोबत. देविदास पहाटेपासून मशिनीशी झटत होता. संगणकातला प्रोग्रॅम बदलणं त्याच्या हातात नव्हतं, खोकं तेवढंच राहणार होतं. त्याने आधी तिचं नाव खालच्या "इतर हक्क" या रकान्यात टाकून बघितलं. तिथे जागाच जागा. साळव्यांनी तिला समजावलं, इतर हक्क म्हणजे बोजा, वाट, पाणी असलं काही.

"मी काय बोजा हाय का?" कौसाबाई म्हणाली. "भाऊ ज्या वळीत, मी त्याच वळीत."

शेवटी देविदासला युक्ती सुचली. त्याने भावांची नावं आखडली. भा. का. पवार, ना. का. पवार, शि. का. पवार. उरलेल्या जागेत कौसाबाई काशिनाथ पवार अगदी नेमकं बसलं. छापलेला कागद त्याने माझ्या हातात दिला. शिवाजीने वाकून बघितलं आणि म्हणाला, "आमी एवढुसे, आन् कौसा लांबलचक?" सगळे हसले, नायबसुद्धा. भाऊराव हसले नाहीत. ते कागदाकडे बघत राहिले, चष्म्याशिवाय.

मी कागद कौसाबाईपुढे धरला. तिने हात पुढे केला नाही.

"वाचा की. मोठ्यानं."

तहसीलच्या पायऱ्यांवर बाजाराच्या दिवसाची गर्दी होती. स्टँपविक्रेता, चहावाला, अर्ज घेऊन आलेली माणसं. मला नोकरीत वीस वर्षं झाली होती, आणि मी कधी कोणाची माहिती मोठ्याने वाचली नव्हती. न वाचणं हेच माझं काम होतं. मी उभी राहिले. गट क्रमांक वाचला. मग जसं छापलं होतं तसं, "भा. का. पवार, ना. का. पवार, शि. का. पवार, कौसाबाई काशिनाथ पवार."

स्टँपविक्रेत्याने मान वर केली. कोणीतरी "ही कौसा का?" असं म्हणालं. मला वाटलं, झालं.

कौसाबाईने माझ्या हातावर हात ठेवला. तिची बोटं खरखरीत होती. "बाई, तसं नगा वाचू," ती म्हणाली. "माज्या भावांची बी नावं पुरी वाचा."

मग मी चारही नावं पुरी वाचली.